मानसिक वय सहा, मग तिला विचारायचं कशाला?

यावेळच्या पत्रांतले प्रश्न वेगवेगळे आहेत, पण मुळातला गोंधळ एकच. बौद्धिक अक्षमता म्हटली की त्या माणसाला काही कळत नाही असं धरायचं आणि सगळं त्याला न विचारताच ठरवायचं. म्हणून काही उत्तरं आधी दिलेली असली तरी पुन्हा देते आहे. पत्रावरून निदान होत नाही, हेही पुन्हा सांगते.

प्रश्न : बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार एकच ना?

उत्तर : नाही. अक्षमता म्हणजे शिकण्यात, समजण्यात आणि रोजच्या व्यवहारात येणारी अडचण; ती वाढीच्या वयापासून असते, आजार कोणालाही कधीही होऊ शकतो. एकाच व्यक्तीत दोन्ही असतील तर दोन्हींकडे स्वतंत्रपणे बघावं लागतं.

प्रश्न : शाळेत झालेल्या चाचणीत मुलाचा बुद्ध्यांक ६८ आला. म्हणजे निदान झालंच का?

उत्तर : एका आकड्यावर निदान होत नाही. बुद्ध्यांकाची सरासरी १०० धरतात आणि तो ७०च्या आसपास किंवा खाली आला की पुढचा तपास सुरू होतो. चाचणीत पाचेक गुणांची चूक धरलेलीच असते, त्यामुळे तुमचा ६८ हा ६३ ते ७३ यांच्यात कुठेही असू शकतो. त्याच्या जोडीला रोजच्या जगण्यातली कौशल्यं तपासावी लागतात : बोलणं, पैसे, वेळ, स्वतःची काळजी, माणसांशी वागणं. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानाच्या अमेरिकी नियमावलीपासून तर तीव्रताही बुद्ध्यांकावरून नाही, या कौशल्यांवरून ठरवतात. चाचणीआधी कान आणि डोळे तपासले होते का? चाचणी घरी बोलतात त्या भाषेत झाली का? यांपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असेल तर अहवाल घेऊन चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भेटा आणि पूर्ण मूल्यमापन करून घ्या.

प्रश्न : मुलगी २६ वर्षांची आहे. अहवालात ‘मानसिक वय ६ वर्षे’ असं लिहिलंय. तिच्या दाताची शस्त्रक्रिया, तिचे पैसे, आमच्या मागे तिने कुठे राहायचं, सगळं आम्हीच ठरवतो. तिला विचारून उपयोग काय?

उत्तर : ‘मानसिक वय’ हा शब्द अहवालांतून कायमचा जावा, असं मला मनापासून वाटतं. या दोन शब्दांनी जितकं नुकसान होताना मी पाहिलंय तितकं अक्षमतेनेही केलेलं नाही.

हा शब्द आला कुठून ते आधी पाहू. फ्रान्समधल्या आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली बुद्धीची चाचणी तयार केली ती शाळेत कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. १९०८च्या सुधारित चाचणीत त्यांनी प्रश्न वयानुसार लावले. म्हणजे ‘वय ६’ याचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी, त्या टेबलापाशी तुमच्या मुलीने जितके प्रश्न सोडवले तितके साधारण सहा वर्षांचं मूल सोडवतं. ती सहा वर्षांची आहे असा त्याचा अर्थ होत नाही. सहा वर्षांच्या मुलीला पाळी येत नाही. तिच्याजवळ २६ वर्षांच्या आठवणी, आवडीनिवडी, धास्ती आणि माणसांची पारख नसते. तुमच्या मुलीजवळ हे सगळं आहे.

तरीही त्या आकड्यावर भरवसा ठेवून काय होतं? तिशीतल्या बाईला बाहुली दिली जाते. शरीराबद्दल, नकोशा स्पर्शाबद्दल तिला कोणी काही सांगत नाही, आणि मग अत्याचार झाला तर सांगायला तिच्याकडे शब्द नसतात. घरातलं माणूस गेलं तर ‘गावाला गेलंय’ असं सांगतात आणि ती महिनोन् महिने दारात वाट बघत बसते.

मी लोकांना भेटते त्या खोलीतला एक प्रसंग सांगते. एक तरुणी उजव्या गालावर हात ठेवून बसली होती. मी तिला विचारलं, उत्तर सोबतच्या बाईंनी दिलं : ‘हिला काही सांगता येत नाही, दातांच्या डॉक्टरांकडे नेलं की किंचाळते फक्त.’ मी टेबलावर तीन चित्रं ठेवली : दात, खुर्ची, सुई. दाताच्या चित्रावर तिने लगेच बोट ठेवलं. खुर्चीचं चित्र जरा बाजूला सारलं. सुईचं चित्र तिने उलटं करून टेबलाच्या पार कडेला ढकललं. दात दुखतोय आणि तो दाखवायचा आहे, हे तिला ठाऊक होतं. भीती सुईची होती. ती का किंचाळते, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. पुढच्या भेटीआधी डॉक्टरांनी तिला नुसतं येऊन खुर्चीत बसून जायला बोलावलं, दोनदा. मग काम झालं.

तुम्हीही असंच करा. मोठा निर्णय एकदम पुढे ठेवू नका, तो तोडा. ‘कुठे राहशील?’ हा प्रश्न मोठ्या माणसालाही अवघड आहे. दोन जागा प्रत्यक्ष दाखवा, तिथे दिवस घालवू द्या, फोटो समोर ठेवून विचारा, आणि दोन दिवसांनी फोटोंची जागा बदलून पुन्हा विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या दिव्यांग हक्क करारातलं बारावं कलम हेच सांगतं : कायद्यापुढे क्षमता सगळ्यांची सारखी, आणि ती वापरायला लागेल तो आधार द्यायचा. प्रत्यक्ष संमती आणि पालकत्वाचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून कागदांवर सही करण्यापूर्वी वकिलांना आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. पण तिला विचारायला आजच सुरुवात करा. आईवडील अंथरुणाला खिळल्यावर हा प्रश्न काढला, की निवड करायला वेळच उरत नाही. ‘ती तयार झाली की विचारू’ असं म्हणणारे पालक मला सत्तरीतही भेटतात.

प्रश्न : चित्रांच्या कार्डांनी मुलगा बोलायचा आळस करेल, असं नातेवाईक म्हणतात.

उत्तर : नातेवाइकांनी हे कुठे वाचलं? २००६ साली या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. नीट पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं चित्रं, खुणा किंवा यंत्रं वापरल्याने कमी झालेलं नव्हतं, बहुतेकांचं वाढलं होतं. वाढ फार मोठी होती असं नाही, पण मूल आज ‘पाणी’ मागू शकतंय ही गोष्ट लहान नाही. वाचा-उपचारतज्ज्ञांकडून सुरुवात करून घ्या. ‘अजून वर्षभर थांबून बघू’ हे मात्र करू नका.

प्रश्न : मूलपेशी (स्टेम सेल) उपचाराने बुद्ध्यांक वाढतो अशी जाहिरात पाहिली. आधीच्या-नंतरच्या चित्रफितीही आहेत.

उत्तर : वाढतो असं सिद्ध झालेलं नाही. चित्रफीत म्हणजे पुरावा नव्हे. मूल वर्षभरात तसंही वाढतं. खऱ्या वैद्यकीय चाचणीत सहभागासाठी पालकांकडून लाखांनी पैसे उकळत नाहीत. स्मरणशक्तीच्या बाटल्यांनाही हेच लागू. मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून टंकलेखन करवून घेणाऱ्यांपासूनही दूर राहा. नव्वदच्या दशकात नियंत्रित चाचण्यांत मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरं दाखवलं, तेव्हा कागदावर हात धरणाऱ्याने पाहिलेलं उतरलं. त्यात पैसा जातो आणि मुलाचं स्वतःचं म्हणणंही पुसलं जातं. काहीही सुरू करण्याआधी बालमेंदूविकारतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : नोकरीआधी प्रशिक्षण केंद्रात किती वर्षं ठेवावं?

उत्तर : शक्यतो आधी खरं काम, आणि त्याच जागी शिकवणारा सोबती. केंद्रात पाकिटं चिकटवायला शिकून दुकानातलं काम येत नाही. आधाराने रोजगार देण्याच्या पद्धतीवरचं संशोधन याच बाजूने आहे. पुनर्वसन सल्लागारांशी बोला.

प्रश्न : ३० वर्षांचा मुलगा चिडला की मारतो. शांत ठेवायच्या गोळ्या चार वर्षं चालू आहेत. पुढे?

उत्तर : गोळ्या स्वतःहून बंद करू नका, एकदम तर मुळीच नाही. पण मनोविकारतज्ज्ञांकडून त्यांचा आढावा याच महिन्यात मागा. २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली : आक्रमक वागणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या ८६ प्रौढांना दोनपैकी एक मनोविकारविरोधी औषध किंवा औषध नसलेली गोळी दिली. आक्रमकता तिन्ही गटांत उतरली, आणि सर्वांत जास्त उतरली ती औषध नसलेल्या गोळीच्या गटात. मार कधी बसतो, त्याआधी काय घडतं, नंतर त्याला काय मिळतं, हे दोन आठवडे वहीत लिहा. कानदुखी, दातदुखी, बद्धकोष्ठ यांची तपासणी करून घ्या. दुखतंय हे सांगता न येणारा माणूस अनेकदा हातानेच सांगतो.

प्रश्न : भावाला डाऊन सिंड्रोम आहे, वय ४२. सहा महिन्यांपासून गप्प, मंद, रस्ता विसरतो. डॉक्टर म्हणाले, यांच्यात असंच असतं.

उत्तर : असंच असत नाही. सहा महिन्यांपूर्वी तो असा नव्हता, हे डॉक्टरांना ठासून सांगा. नवीन लक्षण जुन्या निदानाच्या खात्यात टाकण्याच्या या चुकीकडे संशोधकांनी १९८२ सालीच बोट दाखवलं आहे. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं, ऐकू कमी येणं, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य हे सगळं नेहमी आढळतं आणि त्यावर इलाज आहेत. अल्झायमरची शक्यताही खरी आहे. डाऊन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची प्रत जास्त असते, आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचं जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. पण आधीची कारणं तपासून बाजूला सारल्याशिवाय तिथवर जायचं नाही. चालण्यात बदल किंवा मानेत दुखणं असेल तर आजच दाखवा, उद्यावर ढकलू नका. एरवीही या आठवड्यातच दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि त्याचा जुना एखादा व्हिडिओ सोबत न्या.

प्रश्न : संशोधक घरी आले, मुलीबद्दलचे चाळीस प्रश्न मला विचारले. ती शेजारीच बसली होती. हे बरोबर का?

उत्तर : नाही. आईचं मत हे आईचं मत, ते मुलीचं म्हणून मोजता येत नाही. यासाठी ‘ती सगळ्याला हो म्हणते’ असं कारण देतात, आणि ही अडचण खरी आहे. १९८१ सालच्या अभ्यासात तिची नोंद आहे. त्यावर उपायही आहे. हो-नाहीऐवजी दोन चित्रांतून निवड द्यायची, तोच प्रश्न उलटवून विचारायचा, माहितीपत्रक सोप्या वाक्यांत आणि चित्रांसह लिहायचं. बौद्धिक अक्षमता असलेली माणसं सहसंशोधक म्हणून प्रश्न ठरवतात, मुलाखती घेतात, असे अभ्यास गेली काही दशकं होताहेत. संशोधक पुन्हा आले तर नीतिमत्ता समितीची मंजुरी दाखवायला सांगा आणि मुलीची संमती कशी घेणार ते विचारा. तुमची सही झाली तरी तिने मान फिरवली किंवा ती उठून गेली, तर तो नकार आहे. मुलाखत तिथेच थांबवायला सांगा.