सकाळी काढलेल्या पेशी दुपारी गुडघ्यात?

प्रश्न : माझ्या आईचे (वय ६८) दोन्ही गुडघे झिजले आहेत. 'आमच्या रुग्णालयातच तुमच्या अस्थिमज्जेतून स्टेम सेल तयार करून त्याच दिवशी गुडघ्यात देऊ,' असे एका ठिकाणी सांगण्यात आले. रुग्णालयात अशा पेशी खरोखर तयार होतात का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : होतात, पण एका दिवसात नव्हे. मज्जेतील साधारणतः १०,००० ते १,००,००० पेशींमागे एखादीच मेझेनकायमल स्टेम सेल (हाड, कूर्चा, चरबी यांच्या पेशी बनवू शकणारी मूळ पेशी) सापडते. त्यामुळे या पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटू देऊन, पोषकद्रव वेळोवेळी बदलत काही आठवडे वाढवाव्या लागतात. तुम्हाला सांगितला गेलेला प्रकार बहुधा मज्जा सेंट्रिफ्यूजमध्ये (घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) वेगाने फिरवून तिचा दाट अंश टोचण्याचा आहे. तो वेगळा उपचार असून त्याला 'तयार केलेल्या स्टेम सेल' म्हणणे दिशाभूल करणारे आहे.

पेशी रुग्णासाठी वाढवायच्या, तर रुग्णालयाच्या त्या भागाला औषध कारखान्याचेच नियम लागू होतात. सातपूर-अंबडच्या औषध कंपन्यांत काम केलेल्या वाचकांना बॅच रेकॉर्ड, म्हणजे प्रत्येक बॅच कशी तयार झाली याची टप्प्याटप्प्याची नोंद, काय असते हे सांगायला नको. इथे मात्र अनेकदा एका रुग्णाची एक बॅच असते आणि अंतिम उत्पादन उष्णता देऊन निर्जंतुक करता येत नाही, कारण पेशीच मरतील. म्हणून गाळलेल्या हवेची, बाहेरच्यापेक्षा अधिक दाबाची स्वच्छ खोली लागते, आणि पेशींच्या पोषणासाठी शक्यतो गाईच्या गर्भाच्या सीरमऐवजी (रक्तद्रवाऐवजी) मानवी प्लेटलेटचा अर्क वापरला जातो. पेशी देण्यापूर्वी जिवाणू, बुरशी, मायकोप्लाझ्मा (अतिसूक्ष्म जिवाणू) व एंडोटॉक्सिन (जिवाणूंपासून येणारे विष) यांची तपासणी होते. सीडी ७३, सीडी ९० आणि सीडी १०५ या पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांच्या खुणा पाहून पेशींची ओळख पटवली जाते, आणि जिवंत पेशींचे प्रमाणही नोंदवले जाते.

युरोपात ठरावीक रुग्णासाठी रुग्णालयात असे उत्पादन करण्याची मर्यादित मुभा कायद्यातच आहे. आपल्याकडे २०१९ च्या नियमांनुसार स्टेम सेलपासून बनवलेले उत्पादन 'नवीन औषध' ठरते आणि त्यासाठी केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. गुडघ्यांच्या झिजेसाठी दात्याच्या मज्जेतून वाढवलेल्या पेशींच्या एका भारतीय उत्पादनाला अशी परवानगी २०२२ मध्ये मिळालेली आहे; ती त्या उत्पादनापुरतीच आहे, रुग्णालयात केलेल्या कोणत्याही मिश्रणाला लागू होत नाही.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी परवानगीचा कागद आणि बॅचचा तपासणी अहवाल मागावा. 'चाचणी सुरू आहे' असे उत्तर आल्यास सीटीआरआयचा (भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागावा, आणि चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून कसे घेतले जातात, हेही स्पष्ट विचारावे.