चर्चमध्ये मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या सुरक्षेचे नियम करताना "आपल्याच माणसांवर संशय कशाला" असं लोक म्हणतात, काय करू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही रविवारी धर्मशिक्षण घेता, पॅरिश कौन्सिलने, म्हणजे चर्चच्या कारभार समितीने, सुरक्षेचे नियम लिहायचं काम तुमच्यावर टाकलं, आणि पहिल्याच मिटिंगला एकजण उठून म्हणाले की आपल्याच माणसांवर संशय कशाला. आणि एखाद्या मुलाने खरंच काही सांगितलं तर आधी फादरना सांगायचं की पोलिसांना, हेही विचारलंय. मी वसईकडची, चौदा वर्षं धर्मशिक्षण शिकवतेय. दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण तशी वेळ आली की विचार करत बसायला सवड नसते.

आधी पोलीस नाहीतर 1098, म्हणजे मुलांची हेल्पलाइन. फादरना सांगा, जरूर सांगा, पण त्यांच्या परवानगीसाठी थांबू नका. 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 आहे, त्यात मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं ज्याला कळलं त्याने कळवायचंच आहे, मग तो शिक्षक असो, शेजारी असो नाहीतर धर्मगुरू. नाही कळवलं तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं लपवलं तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र काही कारवाई होत नाही. आणि खरंखोटं करणं आपलं काम नाही, ते पोलिसांचं, आपण फक्त ऐकलेलं पोचवायचं.

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी क्लास सुटल्यावर गीतांची पुस्तकं गोळा करत होते, एक दहा वर्षांची मुलगी मागे रेंगाळली आणि म्हणाली, "टीचर, एक सांगू? पण कोणाला सांगायचं नाही हं." मी म्हटलं नाही सांगणार, प्रॉमिस. मग तिने सांगितलं. माणूस सगळ्यांच्या ओळखीचा, कॉयरला म्हणजे चर्चच्या गायनमंडळाला मदत करणारा, सणाला सगळ्यात आधी येऊन खुर्च्या मांडणारा. त्या प्रॉमिसपायी मी आठ दिवस गप्प बसले, आणि त्या आठ दिवसांत त्याने कॉयरची एक प्रॅक्टिस घेतली, ती मुलगी तिथे होती. हे मला अजून झोपू देत नाही. म्हणून आता प्रत्येक नवीन टीचरला मी पहिलं हेच शिकवते की मुलाला असं वचन द्यायचं नाही. म्हणायचं, "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही, आता तुला मदत करणाऱ्या माणसांना मला हे सांगावं लागेल." खोदून खोदून विचारायचं नाही, आणि घरी जाऊन तिने वापरलेलेच शब्द तारीख वेळ घालून वहीत लिहून ठेवायचे, आपल्या भाषेत सुधारून नाही.

नवव्या दिवशी मी 1098 लावला. मला वाटत होतं आता दारात जीप येणार, गावभर होणार. तसं झालं नाही. एक बाई अधिकारी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आली, ओटीवर बसून मुलीशी बोलली, आई बाजूला होती. नंतर कळलं की कायद्यातच तसं लिहिलंय, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नाही, आणि मुलाला रात्री पोलीस स्टेशनला ठेवायचं नाही. हे आईबापांना आधीच माहीत असलं ना तर अर्धी भीती तिथेच जाते.

काहीजण कन्फेशनचं, म्हणजे धर्मगुरूजवळ पापं कबूल करण्याचं, कारण काढतात. धर्मगुरूने कन्फेशनमध्ये ऐकलेलं उघड करायचं नाही हा चर्चचा नियम आहे, पण तुम्ही आम्ही धर्मशिक्षक, पुस्तकं आवरताना ऐकलेलं कन्फेशन होत नाही, त्यामागे लपायचं नाही. आणि चर्चचा स्वतःचा नियमही गप्प बसा म्हणत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये वोस एस्तिस लुक्स मुंदी नावाचा हुकूम काढला, 2023 मध्ये तो सुधारून कायमचा केला. त्यात धर्मगुरू आणि सिस्टर-ब्रदर यांनी असं काही कळलं की बिशपांकडे कळवायचंच आहे, तक्रार करणाऱ्याला तोंड बंद ठेवायची अट घालता येत नाही, आणि देशाचा कायदा पाळायचाच आहे. मिटिंगमध्ये हे वाचून दाखवा, "रोमहून आलंय" म्हटल्यावर बरेच विरोध करणारे ऐकून घेतात.

आता संशयाचं. तुम्ही नियमात कोणाचंही नाव घालू नका आणि कोणालाही सूट देऊ नका, प्रमुख धर्मगुरूंनाही नाही आणि तुम्हाला स्वतःलाही नाही. सगळ्यांना एकच नियम असला की कोणाकडे बोट दाखवल्यासारखं होत नाही. आमच्याकडे एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद दाराआड नाही, एवढ्या एका वाक्यातून बाकी सगळं निघालं. सॅक्रिस्टीच्या, म्हणजे धर्मगुरू मिस्सेची तयारी करतात त्या खोलीच्या, दाराला काच बसवली, मुलांचं कन्फेशन खोलीत न घेता चर्चमध्ये कडेच्या बाकावर सगळ्यांना दिसेल असं, मुलांना वैयक्तिक मेसेज नाही तर पालकांच्या ग्रुपवर. सगळ्यात जास्त भांडण नाताळच्या गोठ्यावरून, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यावरून झालं, कारण पोरं रात्री एक-दोनपर्यंत गोठा करत बसतात आणि लक्ष द्यायला कोण तर कोणीच नाही. आता दोन पालक आळीपाळीने बसतात, चहा घेऊन. गरिबांना मदत करणारे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीवाले घरभेटीला जोडीनेच जातात, त्यांच्यावर कोणी संशय घेतला म्हणून नव्हे, त्यांची पद्धतच ती. हे उदाहरण आमच्या कौन्सिलला पटकन पटलं.

म्हाताऱ्या माणसांचं मात्र बहुतेक चर्चमध्ये कोणी बोलतच नाही आणि आमच्या भागात तर बोलायलाच हवं, कारण जमिनीला भाव आलाय. आजाऱ्यांना घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, द्यायला मी एका अंथरुणावर पडलेल्या मावशींकडे जायचे. एकदा हात हातात घेतला तर अंगठ्याला निळी शाई. विचारलं तर म्हणाल्या, "सकाळी कसलातरी कागद होता, पेन्शनचा म्हणाले." पेन्शनचा नव्हता, बक्षीसपत्राचा होता. अशा वेळी घरच्यांशी तिथेच वाद घालू नका. एल्डरलाइन 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, आणि 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यातल्या कलम 23 प्रमाणे सांभाळ करायच्या अटीवर जमीन लिहून दिली आणि सांभाळ केला नाही तर प्रांत ऑफिसमधल्या न्यायाधिकरणाकडून ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. म्हणून वेळीच सांगा त्यांना, लिहून देणारच असाल तर ती अट कागदात घाला, नुसतं तोंडी नको. कम्युनियनला जाणारे महिन्यातून दोनदा त्या खोलीत असतात, त्यांच्याइतकं कोणालाच दिसत नाही. अंगावरचे वळ, सुकलेला डबा, बाहेरून लावलेली कडी, हे बघायला शिकवा त्यांना.

एक छोटं राहिलं. आम्ही 1098 चा बोर्ड लावला तो मोठ्यांच्या उंचीवर, नोटीसबोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात. दुसरीतल्या एका पोराने मान वर करून विचारलं, "टीचर, तो कोणाचा नंबर?" त्याच दिवशी काढून पाण्याच्या नळाशेजारी, त्यांच्या छातीएवढ्या उंचीवर लावला. तुमच्याकडे लावाल तेव्हा आधीच तसा लावा.