माझ्या 1962 च्या मॉरिस मायनरची नवी बॅटरीही आठवड्यात उतरते. डायनामो काढून अल्टरनेटर बसवावा का?

इतक्यात नको. डायनामो म्हणजे इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारं जनित्र; अल्टरनेटर हे त्याच कामाचं आजच्या गाड्यांतलं यंत्र. आधी डायनामो करंट बनवतोय का ते बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

डायनामोवरच्या डी (बाहेर जाणाऱ्या करंटची) आणि एफ (आत चुंबकत्व तयार करणाऱ्या फील्ड कॉइलची) या दोन्ही वायरी काढा, कुठली कुठे होती ते लिहून ठेवा. दोन्ही टर्मिनल एका वायरच्या तुकड्याने जोडा. काट्याचा व्होल्टमीटर या जोडाला आणि बॉडीला लावा. तुमच्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ असेल, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असेल, तर लाल टोक बॉडीला. इंजिन सुरू करून रेस हळूहळू वाढवा. काटा न अडखळता चढला पाहिजे, पण 20 व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. जेमतेम 1 व्होल्टवर अडकला तर फील्ड कॉइलचा दोष. 4-5 वर थांबला तर आर्मेचरचा, म्हणजे आतल्या फिरत्या भागाचा. नीट चढला तर डायनामो ठणठणीत आहे. मग कट-आउटच्या (डायनामो आणि बॅटरी आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) डब्याकडे वळा आणि तिथली ई ची अर्थ वायर आधी घासून घट्ट करा.

बॅटरी बदलताना ती उलटी तर जोडली नाही ना? माझ्या मायनरला एका इलेक्ट्रिशियनने आजच्या गाड्यांसारखी निगेटिव्ह अर्थ करून दिली होती. गाडी सुरू झाली, पण रेस दिली की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझण्याऐवजी जास्तच भडकायचा, आणि कट-आउटचे पॉइंट, म्हणजे त्याचे उघड-बंद होणारे संपर्क, जळाले. डायनामोच्या लोखंडात उरलेलं चुंबकत्व जुन्याच दिशेचं राहतं, म्हणून असं होतं. बॅटरी पुन्हा सरळ जोडली, एफ ची वायर काढली आणि बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाची वायर त्या टर्मिनलला दोनतीन सेकंद टेकवली. नवे पॉइंट टाकल्यावर चार्जिंग परत आलं.

सगळं नीट असूनही आयडलिंगला डायनामो चार्ज करत नाही, हा त्याचा स्वभावच आहे. ल्युकास कंपनीचा सी-40 डायनामो जास्तीत जास्त 22 अँपिअर देतो, तेही गाडी पळताना. 60 वॉटचे दोन हॅलोजन लावले असतील तर तेच 10 अँपिअर खातात. रात्री सिग्नलला अर्धा तास रखडलात की तो सगळा भार बॅटरीवर.

तुमचं फिरणं मुख्यतः असंच, रात्रीच्या ट्रॅफिकमधलं असेल, तर अल्टरनेटरला माझी ना नाही. मात्र त्याला बहुधा निगेटिव्ह अर्थ लागते. उलटं जोडलंत तर आतले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तत्काळ जातील. आणि काढलेला डायनामो भंगारात देऊ नका, कापडात गुंडाळून ठेवा.