कमरपट्टा, वडिलांचा टॉवेल आणि दोन फळ्या

प्रश्न : सर, नमस्कार. मी औशाचा, वय 22, वजन 68 किलो. दीड वर्षापासून लातूरला जिमला येतो. डेडलिफ्ट (प्लेटा लावलेला दांडा जमिनीवरून उचलणं) 100 किलोवर गेली आहे, पण मागच्या महिन्यात कमरेत डावीकडे चमक भरली आणि दोन दिवस वाकता येईना. जिममधली पोरं म्हणतात, पट्टा घे. चामडी पट्टा, मनगटाचे रॅप, गुडघ्याचे स्लीव्ह आणि ग्लोव्हज असा सेट साडेचार हजारांना पडतोय. वडील मोंढ्यात हमाल आहेत. ते हसतात. म्हणतात, “आम्ही कमरेला टॉवेल आवळून जिंदगीभर कट्टे उचलले, तुला साडेचार हजार लागतेत का?” काय घेऊ?

उत्तर : आधी वडिलांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या टॉवेलला हसू नकोस आणि त्यांनी तुझ्या पट्ट्याला हसू नये, कारण दोन्हीमागचा विचार एकच आहे. पट्टा कंबर धरून ठेवतो असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. उचलायच्या आधी पोटात, अगदी बेंबीच्या खालपर्यंत, श्वास भरायचा आणि पोट पुढे, बाजूंना, मागे, सगळीकडून पट्ट्यावर दाबायचं. आत दाब तयार होतो आणि कण्याला पुढून टेकू मिळतो. म्हणजे काम पोटाचं; पट्टा ही नुसती भिंत. पोट ढिलं सोडून नुसता पट्टा आवळलास, तर फायदा फक्त दुकानदाराचा.

आता एक काम कर. एखाद्या सकाळी वडिलांबरोबर मोंढ्यात जा आणि नुसतं बघत बस. पन्नास किलोचा कट्टा पाठीवर नेणारा माणूस तो जमिनीवरून एकटा ओढून घेतो का? बहुतेक वेळा दोघं जण कट्टा धरून वर उचलतात, तिसरा पाठ देऊन खाली शिरतो, ‘हूं’ करून ओझं घेतो आणि चालायला लागतो. थप्पीवरचं पोतं तर खांद्याच्या उंचीवरूनच पाठीवर येतं. कंबर टॉवेलनं जेवढी वाचते, त्याहून जास्त या पद्धतीनं वाचते. तू मात्र दुप्पट ओझं जमिनीवरून एकटा उचलतोस.

कामगारांच्या पट्ट्यांचा अभ्यास झालेला आहे. 1994 साली अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेनं सांगितलं, की निरोगी कामगाराची पाठ पट्ट्यामुळं दुखापतीपासून वाचते, याला पुरेसा पुरावा नाही. 2000 साली तिथल्याच दुकानांत माल हलवणाऱ्या हजारो कामगारांची पाहणी झाली, तेव्हाही पट्टा घालणाऱ्यांची पाठदुखी कमी निघाली नाही. ते पट्टे दिवसभर घालायचे, मऊ, ताणणारे होते. जड सेटपुरता आवळायचा चामडी पट्टा वेगळा. तरीपण पट्टा घातला म्हणजे कंबर वाचली, हा हिशेब मोडीत निघतो तो निघतोच.

माझा मोडला होता तो असा. 1996 साली गंजगोलाईजवळच्या एका कारागिराकडून मी चार इंच रुंद म्हशीच्या कातड्याचा पट्टा शिवून घेतला. नवा कोरा, करकर वाजणारा. त्याच संध्याकाळी तालमीत 120 वरून एकदम 140 लावले. उचललेही. खाली ठेवताना श्वास सुटला आणि कमरेतून वीज गेली. सायकल हातात धरून घरी आलो आणि अठरा दिवस मिठाच्या पुरचुंडीचा शेक घेत पडलो. पट्ट्याचा काही दोष नव्हता. पट्टा आहे म्हणून वीस किलो वाढवण्याची हिंमत माझी होती.

तुझ्या चमकेचं खरं कारण बहुधा प्लेटांत सापडेल. स्पर्धेची मोठी प्लेट 45 सेंटीमीटर व्यासाची असते. त्यामुळं दांडा जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो. आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये लोखंडी प्लेटा त्याहून लहान असतात. दांडा खाली जातो, तो धरायला तू जास्त वाकतोस, पाठीची कमान होते आणि चमक तिथंच भरते. टेप घेऊन मोज. कमी भरलं तर दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली जाड लाकडी फळी टाक. वीट नको, फुटते. सुताराकडं उरलेला तुकडा फुकट मिळेल. मग 60 किलोपासून पुन्हा सुरू कर, दांडा नडगीला घासत वर आला पाहिजे, आणि मित्राला बाजूनं व्हिडिओ काढायला सांग. बाजूनं, समोरून काढलेला रीलला चालतो, पाठ त्यात दिसत नाही.

पैसे खर्चायचेच असतील तर आधी बुटांवर खर्च. पळायच्या मऊ बुटांत स्क्वाट (खांद्यावर दांडा घेऊन बैठक) मारणं म्हणजे गादीवर उभं राहून पोतं उचलणं. सपाट, कडक तळव्याचे साधे कॅनव्हास चालतील. पट्टा सहा महिन्यांनी घे, पोट आवळायला शिकल्यावर. 10 सेंटीमीटर रुंद, पुढे-मागे सारखाच. पाठीला रुंद आणि पोटाला चिंचोळा असला, तर पोट दाबणार कशावर? फक्त जड सेटला बांध, सेट झाला की सोड. आमच्याकडं एक जण पट्टा बांधून बायसेप मारतो आणि तसाच चहाला जातो. असो.

स्लीव्ह गुडघा गरम ठेवतात, बरं वाटतं. तुला आत्ता गरज नाही. ग्लोव्हजनं दांडा जाड होतो आणि पकड उलट सैल पडते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं घामानं दांडा निसटतो तेव्हा मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड हाताला लाव.

आणि साडेचार हजारांत न येणारी गोष्ट : बेंच प्रेसला (बाकावर उताणं पडून दांडा वर ढकलताना) अंगठा दांड्याभोवती गुंडाळ आणि डोक्याशी माणूस उभा कर. अंगठा न लावता मारणाऱ्या एका पोराच्या छातीवर दांडा पडताना मी पाहिलाय. दोघांनी मिळून तो उचलला, म्हणून पोरगं वाचलं.

चमक पुन्हा आली, पायात गुडघ्याखाली कळ गेली, बधिरपणा आला, तर जिम बंद आणि आधी डॉक्टर. लघवीवर ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी.

प्रश्न : मी परभणीत शिक्षिका आहे, वय 41. घरी पाच किलोचे डंबेल घेते. डोक्यावर उचलताना मनगट दुखतं. मनगटाचा पट्टा घेऊ का? रक्तदाबाची गोळी चालू आहे.

उत्तर : ताई, आरशासमोर उभं राहून बघा, डंबेल वर जाताना मनगट मागं मोडतं का. दांडा बोटांच्या मुळाशी धरला की मोडतंच. तो तळहाताच्या खालच्या भागात, मनगटाच्या हाडाच्या रेषेत बसवा. आठवडाभर दोन किलोवर या. पाच किलोला रॅप लागत नाही. गोळी चालू आहे, तेव्हा श्वास कोंडून जोर लावू नका, कमरपट्टा तर नकोच. उचलताना श्वास सोडा. आणि डॉक्टरांना सांगा की तुम्ही वजनं उचलता. बहुतेक जण सांगत नाहीत.

प्रश्न : मेडिकलमधली नीकॅप दिवसभर घातली तर चालते का? (वय 63, उदगीर)

उत्तर : फिरायला जाताना घाला, आल्यावर काढा. रात्री घालून झोपू नका. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, सकाळ-संध्याकाळ. दुखलं तर उशी ठेवून खुर्ची उंच करा.