‘तांबेऱ्याला प्रतिकारक’ : प्रतिकार, प्रतिरोध आणि नको तिथली ‘शक्ती’

प्रश्न असा आहे : वनस्पतिरोगांचे अभ्यासक हॅरॉल्ड फ्लोर यांच्या संशोधनाची मराठीत ओळख करून देताना ‘या वाणाची रोगप्रतिकारशक्ती जास्त असल्यामुळे जवसावर तांबेरा आला नाही’ असं वाक्य लिहिलं. (तांबेरा म्हणजे पिकांवर बुरशीमुळे पडणारा रोग.) त्यावर कुणीतरी सुचवलं की प्रतिकारशक्ती माणसांची, झाडांसाठी ‘प्रतिरोध’ लिहा. कोणता शब्द बरोबर?

‘प्रतिकार’ ठेवा, ‘शक्ती’ काढा. आणि जमलं तर ‘जास्त’सुद्धा काढा. का, ते सांगतो.

‘प्रतिकार’ शब्दात ‘कृ’ धातू आहे, म्हणजे करणं. समोरून काही आलं, त्यावर उलट काही केलं, तो प्रतिकार. संस्कृतात या शब्दाला ‘उपाय’ असाही अर्थ आहे. ‘प्रतिरोध’मध्ये ‘रुध्’ आहे, म्हणजे अडवणं. भिंतसुद्धा अडवते आणि त्यासाठी तिला काहीच करावं लागत नाही. झाडाकडे दोन्ही गोष्टी असतात. पानावरचा मेणचट थर, खोडाची जाड साल हे रोग येवो न येवो, आपल्या जागी असतात. त्यांच्यासाठी ‘प्रतिरोध’ खुशाल वापरा, चपखल बसतो. पण फ्लोर यांचा विषय तो नव्हता.

तांबेऱ्याला बळी पडलेलं जवसाचं पान जवळून पाहिलं तर त्यावर बारीक नारिंगी फोड दिसतात. बोट फिरवलं की भुकटी लागते. ते बुरशीचे बीजाणू. (‘तांबेरा’ हे नाव या रंगावरूनच पडलं, आणि हे नाव ठेवणाऱ्याला सूक्ष्मदर्शकाची गरज लागली नसणार.) प्रतिकारक वाणाच्या पानावरही बीजाणू पडतो, रुजतो, त्याचा तंतू आत शिरतो. इथपर्यंत दोन्हीकडे सारखंच. मग जिथे शिरकाव झाला तिथल्या पेशी झटपट मरतात. तांबेऱ्याची बुरशी फक्त जिवंत पेशींवर जगते, त्यामुळे मेलेल्या पेशींत तिची उपासमार होते. बाहेरून दिसला तर एखादा वाळका ठिपका दिसतो, फोड नाही, भुकटी नाही. चार पेशी गमावून पान वाचवणं ही भिंतीची गोष्ट नव्हे. झाडाने इथे काहीतरी केलं आहे, म्हणून हा प्रतिकार.

इथेच एक वेगळाच घोटाळा आहे, विचारला नसला तरी सांगतो. वनस्पतिरोगांचे अमेरिकी अभ्यासक एल्विन स्टॅकमन यांनी १९१५ साली गव्हाच्या तांबेऱ्यावर लिहिताना पेशींच्या या झटपट मरण्याला ‘हायपरसेन्सिटिव्ह’ म्हटलं. त्याचं मराठी ‘अतिसंवेदनशील’ झालं. दुसरीकडे, जो वाण रोगाला सहज बळी पडतो त्यालाही आपल्याकडे ‘रोगास संवेदनशील’ लिहितात. म्हणजे संवेदनशील वाण रोगाने जातो आणि अतिसंवेदनशील वाण रोगातून वाचतो! वाचणाऱ्याने काय समजायचं? ‘बळी पडणारा वाण’ हा शब्दप्रयोग शेतीच्या मराठीत कधीचा रुळलेला आहे, तो सोडून ‘संवेदनशील’च्या नादी लागू नये.

आता ‘शक्ती’कडे. ‘माझी प्रतिकारशक्ती कमी आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एक साठा असतो, कमी किंवा जास्त, आणि तो कुठल्याही आजाराला उपयोगी पडणारा. फ्लोर यांनी दाखवलं ते नेमकं याच्या उलट.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात, फार्गो इथे ते जवसाच्या तांबेऱ्यावर काम करत. त्यांच्या प्रयोगातला एक वाण होता ‘ओटावा ७७०बी’ आणि दुसरा चक्क ‘बॉम्बे’. तांबेऱ्याच्याही दोन जाती, म्हणजे एकाच बुरशीचे दोन प्रकार, घेतल्या होत्या, क्रमांक २२ आणि २४. बावीस नंबरचा तांबेरा ओटावावर पडायचा, बॉम्बेचं त्याला काही करता यायचं नाही. चोवीस नंबरचं उलट : बॉम्बे खायचा, ओटावापुढे हरायचा. आता सांगा, कोणत्या वाणाची प्रतिकारशक्ती जास्त?

प्रश्नच निरर्थक ठरतो. झाडांचा संकर करून वारसा तपासणारे आधीही होते. केंब्रिजच्या रोलँड बिफेन यांनी गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्याबाबत ते १९०५ सालीच केलं होतं. फ्लोर यांनी झाडांबरोबर बुरशीचाही संकर केला. दोन्हीकडे दुसऱ्या पिढीत साधारण ९:३:३:१ हेच प्रमाण मिळालं, म्हणजे दोन जनुकांचा वारसा स्वतंत्रपणे चालतो तेव्हा येतं ते. त्यावरून त्यांनी म्हटलं की झाडातल्या प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकाला बुरशीत जोडीचं एक जनुक असतं. बुरशीतलं ते जनुक म्हणजे जणू आल्याची वर्दी. वर्दी ओळखणारं जनुक झाडात असेल तरच प्रतिकार होतो. बुरशीने वर्दी बदलली की तेच झाड, तेच जनुक, पण प्रतिकार शून्य. या सिद्धांताला मी ‘जनुकास जनुक’ म्हणतो, ‘जशास तसं’च्या चालीवर.

म्हणून ‘प्रतिकार’मधल्या ‘प्रति’कडे दुर्लक्ष करू नका. कुणाच्या तरी प्रति असल्याशिवाय प्रतिकार नाही. ‘हा वाण प्रतिकारक आहे’ हे वाक्य अर्धवट आहे, ऐकणारा लगेच विचारतो, ‘कशाला?’ आपण ‘तांबेऱ्याला प्रतिकारक’, ‘करप्याला प्रतिकारक’ म्हणतो तेव्हा तो ‘-ला’ फ्लोर यांचं अर्धं संशोधन सांगून जातो. क्रियापद वापरलं तर विभक्ती बदलते : ‘तांबेऱ्याचा प्रतिकार करतो’.

सगळाच प्रतिकार असा एकास एक नसतो, हेही सांगायला हवं. वनस्पतिरोगांचे अभ्यासक व्हॅन डर प्लँक यांनी १९६३ मध्ये उभा आणि आडवा असे प्रतिकाराचे दोन प्रकार मांडले. उभा म्हणजे ठरावीक जातींपुरता, फ्लोरवाला. आडवा म्हणजे रोगाच्या सगळ्याच जातींना थोडाफार पुरणारा. आडव्याबद्दल लिहिताना ‘कमी-जास्त’ शोभतं. तिथे ‘प्रतिकारक्षमता’ लिहा.

बाकीचे शब्द थोडक्यात. रोग येतो, दिसतो, तरी उत्पन्नात फारशी घट होत नाही, तो वाण ‘सहनशील’, किंवा बोलीत ‘तग धरणारा’. ‘प्रतिबंधक’ हे माणसाने आधीच केलेल्या उपायासाठी, जसं प्रतिबंधक फवारणी. वाणाला प्रतिबंधक म्हणू नये. ‘रोगमुक्त’ रोप म्हणजे आज रोग नसलेलं रोप, उद्याची हमी त्यात नाही. ‘इम्युनिटी’साठी ‘प्रतिरक्षा’ चालेल, पण ती वाचताना झाडाच्या अंगात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आणि फिरत्या पांढऱ्या पेशी असल्याचा भास होऊ देऊ नका. झाडाकडे यातलं काही नाही, हल्ला ज्या पेशीवर होतो तिला आधी स्वतःच लढावं लागतं.

‘प्रतीकार’ असा दीर्घ ईकारही संस्कृतात आढळतो. मराठीत ऱ्हस्व लिहा.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘जवसाचा हा वाण तांबेऱ्याच्या त्या जातीला प्रतिकारक होता, म्हणून त्यावर तांबेरा आला नाही.’ ‘त्या जातीला’ हे दोन शब्द मात्र गाळू नका.