तिसरा तारा पळून गेला, आता कोड तपासू की सोडून देऊ?

प्रश्न : पायथनमध्ये तीन ताऱ्यांचं सिम्युलेशन केलंय, एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणात फिरणारे. टाइमस्टेप (एका पायरीत पुढे सरकणारा वेळ) निम्मा केला की सगळं चित्रच बदलतं आणि कधीकधी एक तारा सुसाट बाहेर निघून जातो. कोड गंडलाय की केऑस (सुरुवातीचा इवलासा फरक झपाट्याने वाढत जाणं) म्हणतात तो हाच?

उत्तर : दोन्ही असू शकतं. केऑसच्या नावाखाली कोडमधले घोळ मस्त खपून जातात, म्हणून आधी एकूण ऊर्जा (गतिज अधिक स्थितिज) मधूनमधून प्रिंट करून बघा. तारे कसेही भरकटू देत, ती हलायला नको. सारखी चढत असेल तर बहुतेक तुम्ही साधी ऑयलर पद्धत (आत्ताचा वेग आणि बल धरून थेट पुढची जागा नि वेग काढणारी) वापरताय, तिच्यात साधा गोल फिरणारा ग्रहसुद्धा हळूहळू बाहेर सरकत जातो. लीपफ्रॉग (जागा आणि वेग अर्ध्या-अर्ध्या पायरीच्या अंतराने आलटूनपालटून पुढे नेणारी पद्धत) लावा, दोन-चार ओळींचं काम आहे.

पण तारे फार जवळ आले की बल एकदम प्रचंड वाढतं आणि टाइमस्टेप तेवढाच ठेवला तर तारा एका उडीत पलीकडे जातो नि फुकटची ऊर्जा घेऊन सुटतो, तिथे स्टेप आपोआप लहान करणारी वरच्या ऑर्डरची (म्हणजे जास्त अचूक) रुंगे-कुट्टा पद्धतच बरी. सॉफ्टनिंग (अगदी जवळ आल्यावर बल मुद्दाम बोथट करणं) टाकतात काहीजण, पण आकाशगंगेला ते ठीक, तीन ताऱ्यांत मला नाही पटत, गणितच बदलतं ना.

आणि पळून जाणं खरंही असतं हं! बुराउ नावाच्या गणितज्ञाने १९१३ मध्ये एक गणित मांडलं होतं : ३-४-५ बाजूंचा काटकोन त्रिकोण, प्रत्येक कोपऱ्यात समोरच्या बाजूएवढं वस्तुमान, सुरुवातीला सगळे स्थिर. १९६७ मध्ये झेबेहेली आणि पीटर्स या संशोधकांनी ते कॉम्प्युटरवर शेवटपर्यंत नेलं तर बरीच धुमश्चक्री होऊन ३ वस्तुमानाचा, म्हणजे सगळ्यात हलका, बाहेर फेकला गेला आणि उरलेल्या दोघांची जोडी जमली. तुमच्या कोडमध्ये हेच चालवून बघा, दुसरा कोणी पळाला तर कोड गंडलाय.

एवढं करूनही टाइमस्टेप बदलल्यावर मार्ग वेगळे आले तर तो खरा केऑस, चूक ठरावीक वेळाने दसपट होत राहते, त्यामुळे अचूकता एका अंकाने वाढवली तर तेवढाच वेळ पदरात पडतो. मग एकच रन घेऊन भांडण्यात अर्थ नाही. लास्कार आणि गॅस्टिनो या संशोधकांनी २००९ मध्ये सूर्यमालेची २५०१ सिम्युलेशन्स केली, सुरुवातीचा फरक अगदी नगण्य, त्यातल्या साधारण १ टक्क्यात बुधाची कक्षा भलतीच लांबट झाली. तुम्हीही सुरुवात किंचित हलवून शंभरेक रन घ्या आणि कोण किती वेळा पळतो ते मोजा.