इंटर्न ऑप्टोमेट्रिस्टची चूक पेशंटसमोर सांगावी की नंतर?

तुम्ही विचारलंय ते असं: बीऑप्टमच्या (डोळे तपासून नंबर काढायला शिकवणारी पदवी) शेवटच्या वर्षाच्या दोन मुली तुमच्याकडे इंटर्नशिपला आल्यात. त्यांचं चुकलं तर पेशंटसमोर बोलावं का, ऑटोरेफ (आपोआप नंबर काढून देणारं मशीन) वापरू द्यावा का, आणि दिवसाला किती पेशंट द्यावेत. मी मात्र तुमच्या एका वाक्यावर अडकले. "सध्या मी काही बोलत नाही, केसपेपरवर नंबर दुरुस्त करून पुढे पाठवतो."

हे आजपासून बंद करा. एक वेळ पेशंटसमोर ओरडलात तरी परवडलं, पण मुकाट्याने खोडू नका.

माझी इंटर्नशिप एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात झाली. बाहेर बाकांवर मोतीबिंदूची म्हातारी माणसं आणि शाळेने चिठ्ठी देऊन पाठवलेली पोरं. रिफ्रॅक्शनच्या, म्हणजे नंबर तपासायच्या, तीन खोल्या, मधल्या खोलीत आमचे सर. तान्हं मूल आईच्या मांडीवर हातपाय झाडत असताना त्याची रेटिनोस्कोपी (स्कोपने डोळ्यात उजेड टाकून, परतणारी चमक बघून नंबर काढणं) करून सर मोकळे व्हायचे, आणि तो नंबर चुकलेला मी कधी पाहिला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल माणूस कामात कच्चा होता. अजिबात नाही.

मी रेटिनोस्कोपी करायची, मग सबजेक्टिव्ह (पेशंटला विचारत विचारत नंबर पक्का करणं), मग केसपेपर सरांकडे. लहान मूल असेल तर डोळ्याचा फोकस सैल करणारे ड्रॉप्स टाकून केलेली रेटिनोस्कोपी सर स्वतः पुन्हा करायचे. आणि माझा आकडा लाल पेनाने खोडून शेजारी त्यांचा. +२.०० चं +१.५०. −१.०० चं −१.५०. तोंडातून शब्द नाही. केसपेपर ट्रेमध्ये, "पुढचा घे."

अर्धा, अर्धा, दरवेळी अर्धाच. आज एखाद्या इंटर्नने मला असे पाच पेपर दाखवले तर सहाव्याची वाट न बघता मी टेप काढेन. तेव्हा मात्र मी सबबी शोधत होते. मोठ्या माणसांत सबजेक्टिव्हला नंबर जागेवर यायचा. माझ्या रेटिनोस्कोपीपेक्षा अर्धा मायनस जास्त लागला की मी म्हणायची, तरुण पोरं मायनस खातातच, डोळ्याचा फोकस ताणून गरजेपेक्षा जास्त मायनस घेतात. (खातातच. म्हणून तर ही सबब एवढी टिकली.) लहान मुलांच्या बाबतीत वाटायचं, सर मुद्दाम करतात. बॅचमधल्या मुलाच्या पेपरवर लाल पेन क्वचितच दिसायचं, त्यामुळे त्या संशयाला खतपाणीच मिळालं. होस्टेलवर रात्री मी यावर बरंच काही बोललेय, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

असे पाच महिने गेले.

मग एक आजोबा आले. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, आत कृत्रिम भिंगं. रेटिनोस्कोपीला दोन्हीकडे +०.५०. ट्रायल फ्रेममध्ये घातलं तर म्हणाले, "बाई, यानं धुरकट झालं की, काढा." काढलं तर ६/६ ची ओळ घडाघडा. मी पुन्हा स्कोप लावला, पुन्हा +०.५०. आता या डोळ्यात ॲकोमोडेशन (फोकस ताणायची ताकद) आणू कुठून? मायनस खायला त्या डोळ्याला दातच नव्हते.

आजोबांच्या पिशवीच्या तोंडाला सुतळी बांधलेली होती. मी ती मागून घेतली. एक टोक त्यांना डोळ्याखालच्या हाडावर धरायला सांगितलं, दुसरं माझ्या स्कोपपाशी. मग टेबलावर ताणून पीडीच्या (दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायच्या) पट्टीने तुकड्यातुकड्याने मोजली. पन्नास सेंटीमीटर, जरा कमीच. माझी उंची चार फूट दहा इंच. स्कोप आणि डोळा यांच्यातलं पुस्तकातलं अंतर ६६ सेंटीमीटर, म्हणून त्या अंतरापोटी नंबरातून दीड वजा करायचे, हे पहिल्या वर्षापासून घोकलेलं. पण ६६ वरून भिंग बदलायला माझा हात पोचत नाही, म्हणून मी नकळत पुढे सरकून बसायची आणि वजा मात्र दीडच करायची. पन्नासला दोन वजा करायला हवेत, म्हणून माझा नंबर दरवेळी अर्ध्याने प्लसकडे. बॅचमधला तो मुलगा सहा फुटी होता.

आजोबांनी सुतळी परत पिशवीला बांधली आणि विचारलं, "किती भरली?"

मी तशीच उठून सरांकडे गेले. आनंदातच होते, खोटं कशाला बोलू. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. म्हटलं बघू, हिला कधी सापडतंय."

या वाक्यावरून आमचं भांडण आजतागायत चालू आहे. सरांचं म्हणणं, सांगितलं असतं तर दोन दिवसांत विसरली असतीस. तुझं तुला सापडलं म्हणून जन्मभर राहिलं. मला सगळ्यात राग येतो तो हे निम्मं खरं आहे याचा. पण उरलेल्या निम्म्याचं काय? त्या पाच महिन्यांत सर तीन दिवस रजेवर गेले होते. त्या तीन दिवसांत ड्रॉप्सवर तपासलेल्या चार मुलांना माझ्याच आकड्यावर चष्मे गेले. डॉक्टरांनी सह्या केल्या. भरल्या ओपीडीत स्कोप पुन्हा कोण लावतंय? अंतर मोजलं त्याच संध्याकाळी मी रजिस्टर काढून चौघांच्या घरी फोन केले. तिघांचे लागले. एका मुलीची आई म्हणाली, "चष्मा लावूनही फळा दिसत नाही म्हणते. मीच तिला रागावले, नखरे करते म्हणून." मुलगी सात वर्षांची. पीएमटीला (ड्रॉप्स उतरल्यावरच्या फेरतपासणीला) ६/९ पर्यंत वाचून थांबली होती, आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं होतं. ती चूक माझी, सरांची नाही. पण रजेचा अर्ज टेबलावर ठेवताना "तुझं अंतर मोजून घे" एवढं म्हणायला किती सेकंद लागतात?

असो. सर हे वाचणार नाहीत, त्यांना मोबाईलचा कंटाळा आहे.

माझ्याकडे आता दरवर्षी एकदोन इंटर्न असतात. तिने आधी लिहायचं. मी तिचा आकडा न बघता माझा काढते आणि शेजारी लिहिते. खोडायचं कुणीच नाही. अर्ध्याहून जास्त फरक आला तर पेशंट खुर्चीत असतानाच दोघी पुन्हा बघतो. पेशंटला एवढंच, "एकदा खात्री करून घेते हं." आजवर कुणी कुरकुर केलेली नाही, उलट दोघींनी तपासलं म्हणून माणसं खूश होऊन जातात. कोणाचं चुकलं हे तिला कळतं, पेशंटला कळायचं कारण नाही. झालं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

पण खरं काम शनिवारी होतं. आठवड्याचे आकडे समोर ठेवले की एकेकीची खोड दिसते. मागच्या वर्षीच्या मुलीचे सगळे उजवे डोळे बरोबर, डाव्यात मात्र जो येईल त्याला अर्धा सिलिंडर (तिरका नंबर). डावा डोळाही ती स्वतःच्या उजव्याच डोळ्याने बघायची, स्टूल न हलवता, तिरकी. एका पेशंटवर हे दिसलं नसतं. आणखी एकीचं सबजेक्टिव्ह संपायचंच नाही, कारण क्रॉस सिलिंडर (सिलिंडरचा नंबर पक्का करायचं भिंग) फिरवल्यावर पेशंट "दोन्ही सारखंच" म्हणाला की तिला वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय. अगं, सारखंच दिसावं म्हणूनच तर फिरवतोय.

ऑटोरेफला पहिले तीन महिने कुलूप. चिठ्ठीवर −१.२५ छापून आलं की स्कोपमध्येही −१.२५ च दिसायला लागतं, हे माझंही होतं, तिचं का होणार नाही? आणि ड्रॉप्सशिवाय लहान मुलांत ते मशीन मायनस वाढवून सांगतं हे तुम्हाला माहीतच आहे. मशीन चालवायला अर्धा दिवस लागतो, ते केव्हाही शिकतील.

तुमची ओपीडी दीडशेची असेल तर प्रत्येक पेशंट दोनदा तपासणं जमणार नाही, मान्य. तिथे निदान लहान मुलं आणि सिलिंडरवाले तरी दोनदा बघा. आणि हो, शेजारी लिहिण्याची पद्धत फक्त नंबरापुरती. टोनोमीटर (डोळ्यातला दाब मोजायचं यंत्र) बुबुळाला टेकवताना हात थरथरत असेल, अँगल (डोळ्यातलं पाणी निचरा व्हायची वाट अरुंद तर नाही ना) न बघता बाहुली मोठी करायची बाटली उघडली असेल, तर पेशंट समोर आहे की नाही बघत बसू नका, हात धरा. मनं नंतर सांभाळता येतात.

दिवसाला किती पेशंट द्यायचे ते तुमच्या जागेवर अवलंबून. मी पहिला महिना आठच देते. आमचे मॅनेजर म्हणतात फार कमी आहेत. मी त्यांना म्हटलंय, उद्या नववे म्हणून तुम्ही येऊन बसा.